सात दसऱ्यांखालचा कागद

टेबलावरच्या नव्या यंत्राचा निळसर उजेड तीन चेहऱ्यांवर पडला होता आणि तिघेही पडद्यावरच्या एकाच ओळीकडे पाहत होते : 'हे पान सापडले नाही.' बाहेर रिसोडच्या बसस्थानकावर कोणीतरी 'मालेगाव, मालेगाव' असे ओरडत होते. आत फक्त छताचा पंखा हलत होता. खाली, भिंतीला टेकून, गोणपाटावर मी पडलो होतो. उत्तर माझ्याच अंगावर होते. पण वीज नसलेल्या यंत्राला जीभ नसते.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे; काळ्या पत्र्याचा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. कुठल्याशा कारखान्यात माझे सुटे भाग झाले असतील, पण मला 'मी' केले ते फुरकानने. बसस्थानकाजवळ त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. सात वर्षांपूर्वी कस्तुराबाईंनी गावोगावच्या शेतकऱ्यांना जोडून बियाणे मंडळ काढले, तेव्हा त्याने एका बंद पडलेल्या टंकलेखन वर्गातून मला आणले, जोडले आणि या खोलीत बसवले.

माझे काम सांगतो. पेरणीआधी आमच्याकडे घरच्या सोयाबीनची परीक्षा होते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करतात आणि काही दिवसांनी उलगडून कोंब मोजतात. सत्तरांवर उगवले तर बियाणे पेरायचे. कमी उगवले तर दुसऱ्याचे शोधायचे. कोणत्या गावात, कोणाकडे, शंभरातले किती उगवले, याची यादी माझ्या पोटात असे. मोबाइलवर गावाचे नाव दाबले की मी ती यादी हाती देई. एवढ्याशा कामात केवढा आनंद होता! पहाटे कोणी धनजहून हाक मारी, दुपारी कोणी जऊळक्याहून. मी कोणाचे शेत कधी पाहिले नाही; पण कोवळ्या कोंबांची संख्या मला पाठ होती.

माझ्या आत एक वाटाड्या होता. जाणकार त्याला रीराइट मॉड्यूल म्हणतात. 'जऊळका' नावाचे पान खरे तर माझ्यापाशी नव्हतेच. ती हाक ऐकून वाटाड्या पाहुण्याला बरोबर यादीपाशी नेई. तो नसेल तर माणूस ओसरीपर्यंत येतो, पण घरात पोचत नाही. हा वाटाड्या आपण होऊन उठत नाही. त्याला एकदा उठवावे लागते. फुरकानने पहिल्याच दिवशी त्याला उठवले आणि त्याची खूण एका कागदावर लिहून कागद माझ्या डाव्या कुशीवर चिकटवला.

त्या वर्षीच्या दसऱ्याला कस्तुराबाईंनी मला हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि स्वस्तिकाचे सोनेरी चित्र त्या कागदावरच डकवले. पुढच्या दसऱ्याला चित्रावर चित्र. लोक माझे कौतुक करीत. पूजा मात्र बाहेरच्या पत्र्याची झाली. माझे झाकण उघडून आतली धूळ सात वर्षांत कोणी झटकली नाही. या वैशाखात माझा श्वास कोंडला, वीज पुरवणारा भाग जळाला आणि मी विझलो.

मंडळाने दुसऱ्याच दुकानदाराकडून नवे यंत्र आणले. फुरकानला कोणी विचारले नाही. मंडळाचे संगणक सांभाळणाऱ्या योगिनीने माझ्या डिस्कवरची सारी पाने नव्या यंत्रात उतरवली आणि डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लावली. पाने तिकडे गेली, वाटाड्याची मात्र कोणाला आठवणच नव्हती.

आता त्याच नव्या यंत्राच्या पडद्यावर कस्तुराबाईंनी बोट ठेवले.

"पहिलं पान तं दिसून राह्यलं. मंग आतलं काहून नाही दिसत?"

"तेच तं समजत नाही, मावशी. एकबी फाइल सुटली नाही माह्याकडून," योगिनी म्हणाली.

"मले कायले बोलावलं?" फुरकान भिंतीकडे पाहत म्हणाला. "ज्यानं नवीन देल्लं त्याले बोलवा."

"तो फोन नाही उचलून राह्यला," योगिनी म्हणाली.

"हां! मंग फुरकान आठोला."

"रुसू नको, बापा," कस्तुराबाई म्हणाल्या. "माह्या घरच्या बियाण्याचे शंभरातले एक्केचाळीसच उगवले. पेरणीले आठ दिवस हायेत. चांगलं बियाणं कोनापाशी हाय, ते या डब्याच्या पोटात अडकलं. तीन एकर पडीक ठेवू का मी?"

फुरकानचा आवाज उतरला. "मी काहीतरी चालू केलं होतं, मावशी. काय, ते याद नाही. कागदावर लिवलं होतं."

"मंग कुठी हाय कागद?"

त्याने खाली वळून माझ्याकडे पाहिले. किती दिवसांनी कोणी असे पाहिले होते! "याच्याच अंगावर. डाव्या बाजूले."

डाव्या बाजूला सोनेरी चित्रांचा जाड थर होता. कस्तुराबाईंचा हात तोंडाशी गेला. "अवं माय! तो मळका कागद बरा नव्हता दिसत, म्हनून मी त्याच्यावरच लावलं."

"मावशी, तुमी तं माहा कागद देवाखाली दाबला!"

"दाबला नाही, देवानं जपला. आता काढ, पन नख लावू नको. पाया पडू दे आधी."

त्यांनी वाकून माझ्या कुशीला बोट लावले आणि ते कपाळी नेले. योगिनीने गरम पाण्यात फडके पिळले. एकेक चित्र सुटू लागले, तशी माझी वर्षे माझ्यावरून उतरू लागली. कस्तुराबाई आजारी होत्या, तेव्हा योगिनीने तिरपे लावलेले चित्र. टाळेबंदीच्या वर्षाचे चित्र. तेव्हा रस्ते बंद होते आणि सारी गावे माझ्यातूनच एकमेकांना भेटत होती. सर्वांत खाली, हळदीने पिवळा पडलेला, फुरकानच्या निळ्या अक्षरांचा कागद. त्याची तिसरी ओळ योगिनीने मोठ्याने वाचली : "रीराइट मॉड्यूल चालू करणे. नाहीतर फक्त पहिलेच पान उघडते."

फुरकानने सांगितले तशी तिने आज्ञा टंकली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. कस्तुराबाईंनी 'जऊळका' दाबले.

रामधन. वाण तीनशे पस्तीस. शंभरातले ब्याऐंशी.

त्यांनी तिथेच फोन लावला. "रामधनभाऊ, बियाणं हाय का देऊन टाकलं? ... हाय? कोनाले देऊ नका, मी निंगालीच!" सातही चित्रे नदीत सोडण्यासाठी त्यांनी पदरात बांधली, माझ्या पोचा आलेल्या कोपऱ्यावर क्षणभर हात ठेवला आणि जऊळक्याला जायला त्या मालेगावच्या गाडीकडे धावल्या.

मित्रांनो, मला हळदीचा राग नाही. ती माझ्या वाट्याला आलेली माया होती. पण जे तुमच्यासाठी राबते, त्याला नुसता नमस्कार पुरत नाही. कधी त्याचे झाकण उघडा, धूळ झटका. त्याच्या आत कोण जागे आहे ते लिहून ठेवा आणि लिहिलेले झाकू नका.

फुरकानने नवा कागद लिहून नव्या यंत्राच्या दर्शनी बाजूला लावला. खाली मोठ्या अक्षरांत 'यावर काहीही चिकटवू नये' असेही लिहिले. योगिनी हसली. मग त्याने ओलाव्याने सुटून आलेला जुना पिवळा कागद उचलला, माझ्या कुशीवर त्याच जागी ठेवला आणि चारही कोपरे अंगठ्याने सावकाश दाबले.

"फुरकानभाई, तिथं कायले लावता? हा तं भंगारात जाईन ना?"

फुरकानने चपला पायात सरकवल्या आणि तो जिना उतरून गेला.