शफाखान्याचं दार कशानं घासत होतं

“दार घासतंय तर दाराला कामून बोल लावताव? जरा भिंतीला इचारा की.”

जाहेदाखाला माझ्यासमोर हे पहिल्यांदा बोलल्या, त्याला आता नऊ पावसाळे झाले. मित्रांनो, मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पावसात लाकूड फुगतं, एवढी साधी गोष्ट या बाईला कळू नये, असंही मनात म्हटलं. मी स्वतः लाकडाची. लाकडाचं सगळं मलाच कळतं, असा माझा समज होता.

वडवणीहून सिरसाळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मी शंभर वर्षं उभी आहे. मी सागवानी चौकट आहे, जुन्या शफाखान्याची. शफाखाना म्हणजे दवाखाना. निजामाच्या राज्यात इकडे तोच शब्द होता आणि म्हातारी माणसं अजून तोच वापरतात. दोन फळ्यांचं दार धरून ठेवणं हे माझं काम. दुसरं काम मला कुणी दिलेलं नाही, मीच लावून घेतलं आहे. किती लेकरं आत गेली आणि किती बाहेर आली, हे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझं लाकूड तेलंगणाच्या जंगलातून बैलगाडीनं आलं. चार महिने ते चिंचेच्या सावलीत वाळवलं, मगच सुतारानं त्याला हत्यार लावलं. तोवर गवंडी पाया खणत होते. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. म्हणून गवंडी काळी माती संपेपर्यंत खाली गेले. दोन पुरुष खोलीवर मुरूम लागला, तेव्हा थांबले. तिथून दगड आणि चुना वर आला आणि त्यात मला उभं केलं. सुतारानं माझ्या कपाळावर उर्दूत दोन ओळी कोरल्या आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यांत काजळ भरलं.

सुरुवातीला माझ्यातून कुणी आत येईना. देवीची लस टोचणाऱ्या माणसाला तेव्हा ‘देवी काढणारा’ म्हणत. तो तीन दिवस खुर्ची टाकून एकटाच बसला. चौथ्या दिवशी गावातली सुईण आली. तिनं दंड पुढं केला. म्हणाली, “आधी मला टोच. मेले न्हाई तर उद्या पोरं आणते.” ती मेली नाही. दुसऱ्या दिवशी पोरं आली. दर वीस पोरांमागं तो माणूस चाकूनं माझ्या उजव्या अंगावर एक रेघ ओढायचा. मोजायची सवय मला तिथूनच लागली असावी. पुढं या खोलीत बाळंतपणं झाली. घरी जाताना बाया माझ्या उंबऱ्याला हळद-कुंकू लावत, कुणी नुसताच हात लावून कपाळाला नेत. त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं.

मग राज्य बदललं. १९६२ साली जिल्हा परिषद आली आणि जुन्या इमारती तिच्या ताब्यात गेल्या. एक कारकून वही घेऊन आला. “बांधकामाचं साल?” त्यानं दारातल्या माणसाला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. कारकुनाला त्या दिवशी आणखी चार गावं उरकायची होती. त्यानं १९६२ लिहिलं. मला राग आला नाही. माणसांचीसुद्धा जन्मतारीख शाळेत मास्तर एक जून लिहून टाकतात, मग चौकटीची कोण विचारतो?

त्यानंतर मला रंग लागत गेले. आधी हिरवा, मग निळा, मग चॉकलेटी, मग पुन्हा निळा. प्रत्येक वेळी जुना रंग न काढताच. माझ्या कपाळावरची अक्षरं बुजली, अंगावरच्या रेघा बुजल्या.

तीसेक वर्षांपूर्वी माझ्या पलीकडे नवी खोली बांधली. स्लॅबची. गावाला तिचं फार अप्रूप. पाया मात्र गुडघाभर खणला आणि काळ्या मातीतच उभा केला. स्लॅबची एक बाजू माझ्या भिंतीवर टेकवली. जुन्या खोलीला रस्त्याच्या अंगाला दुसरं दार पाडलं. नव्या खोलीला बाहेरचं दार ठेवलंच नाही, जाणं-येणं माझ्यातूनच. मी तोवर बाहेरचं दार होते, ती आतलं झाले.

आणि नऊ वर्षांपूर्वी माझं दार घासायला लागलं. दर पावसाळ्यात चाँद मिस्त्री रंधा घेऊन यायचे आणि फळीची वरची कड तासून जायचे.

“खाला, आणखी चार वर्सं असंच तासलं तर फळी उरायची न्हाई,” ते म्हणायचे. “नुसती कडी लावून बसा.”

“ती कडीच घालते तुझ्या डोस्क्यात,” जाहेदाखाला म्हणायच्या. “नीट बघ. त्या अंगाला वर घासतंय आन् ह्या अंगाला कोपऱ्यात माझं बोट जातंय. फुगलेलं लाकूड असं एकाच अंगाला फुगतंय का रे?”

“मिस्त्री तुमी का मी?”

“तूच. म्हून तर इचारते.”

जाहेदाखाला इथं दवाखाना होता तेव्हापासूनच्या मदतनीस. दवाखाना नव्या रस्त्याला गेला आणि जुन्या खोलीत अंगणवाडी आली, तरी त्या राहिल्या. शफाखान्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घरकुल आहे. तिथं त्या एकट्याच असतात. रोज सकाळी त्या यायच्या, पायाच्या अंगठ्यानं फळी जरा वर उचलायच्या आणि मग ढकलायच्या. दुसऱ्या कुणाला ते दार एका झटक्यात उघडता यायचं नाही.

यंदा वैशाखात वादळ आलं. दुपारी चारच्या सुमारास, जेमतेम वीस मिनिटं. जुन्या खोलीवरचे सगळे पत्रे उडाले. दोन पलीकडच्या बाभळीत जाऊन अडकले, ते अजून तिथंच आहेत. भिंतीचा एक दगडसुद्धा हलला नाही, पण जिच्यातून आभाळ दिसतं त्या खोलीला कोण पक्की म्हणेल? सरपंच गुरुपादअप्पांनी लेकरं नव्या खोलीत हलवली. “वर स्लॅब हाय, आता काळजी न्हाई,” ते म्हणाले. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं.

मग जुनी खोली पाडायचा, म्हणजे निर्लेखनाचा, प्रस्ताव तयार झाला. अप्पांनी तो माझ्यासमोरच वाचला. बांधकामाचे वर्ष : १९६२. ऐतिहासिक महत्त्व : निरंक. बघायला कुणी आलं नव्हतं. त्या रकान्यात सगळीकडे निरंकच लिहितात म्हणे. अप्पा वाईट माणूस नाहीत. त्यांना गावासाठी नवी इमारत हवी होती आणि नवी मिळायची तर जुनी पडायला हवी, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

पाहणीला शिवांजली मॅडम आल्या. अभियंता, नवीनच नेमणूक.

“मॅडम, तुमी फक्त सही करा,” अप्पा म्हणाले. “चहा सांगितलाय.”

“चहा घेते. पण अप्पा, मी इथं आल्यापासून अकरा इमारतींचे कागद बघितले. अकराच्या अकरा बासष्ट सालच्या. एका वर्षात एवढं काम झालं होतं?”

जाहेदाखाला हसल्या. “माझी सासू ह्याच खोलीत जन्मली, बाई. बासष्टला तर तिला चार लेकरं झालती.”

मॅडमनी पिशवीतून पत्री काढली आणि माझ्या कपाळावरचा रंग खरवडायला घेतला. निळा, चॉकलेटी, निळा, हिरवा. तळाशी काजळ भरलेली अक्षरं निघाली. जाहेदाखाला लहानपणी उर्दू शाळेत गेलेल्या. चष्मा पुसून त्यांनी बोटानं एकेक अक्षर लावलं. “शफाखाना. गाववाल्यांनी मिळून बांधला. सन तेराशे चौतीस फसली.”

“म्हणजे कोणतं साल?”

“फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे,” अप्पा पटकन बोलून गेले. “आमच्या रानाच्या जुन्या कागदावर तसंच हाय. एकोणीसशे चोवीस.” मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि चहा का आला नाही हे बघायला ते वळले.

मॅडम खरवडत खाली आल्या. रेघा सापडल्या, तशी खालांनी सासूकडून ऐकलेली सुईणीची गोष्ट सांगितली. मॅडमनी दोनदा मोजलं. “सत्तेचाळीस रेघा. नऊशे चाळीस मुलं,” त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. साठ वर्षांत त्या रेघांना कुणी हात लावला नव्हता.

“इतिहास लई झाला मॅडम,” अप्पा परत येऊन म्हणाले. “उद्या भिंत पडली तर लेकरं उचलाया इतिहास येणार हाय का?”

“तेच बघायचंय, अप्पा. जुनी म्हणून ठेवायची असं नाही आणि पत्रे उडाले म्हणून पाडायची असंही नाही.”

त्यांनी दोरीला शिसं बांधलेला ओळंबा काढला. जुन्या भिंतीला वरून सोडला. दोरी भिंतीला समांतर राहिली, एका सुताचाही फरक नाही. मग त्या माझ्यातून पलीकडे गेल्या आणि नव्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला ओळंबा लावला. शिसं खाली भिंतीपासून चार बोटं लांब लोंबत राहिलं. भिंतीकडेला बसलेल्या लेकरांना वाटलं खेळणं आहे, एकानं ते पकडायला हात वर केला. मॅडम माघारी आल्या, दार ओढून घेतलं, माझे वरचे दोन्ही कोपरे बघितले आणि रिकाम्या कोपऱ्यात बोट घातलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “दार फुगलेलं नाही, खाला. ही खोली खचतेय आणि चौकटीला आपल्याकडे ओढतेय.”

“माझ्या घराचं दार बी असंच घासतंय की,” जाहेदाखाला म्हणाल्या.

“आत किती मुलं आहेत?” मॅडमनी विचारलं.

एकोणीस. मला विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं.

दार पुन्हा अडकलं होतं. अप्पांनी खांदा लावला. “सरका,” म्हणत खालांनी अंगठा घातला, फळी उचलली, दार उघडलं. अंगणवाडीच्या बाईंनी लेकरांना एकमेकांचा शर्ट धरायला लावला आणि झुकझुक गाडी करून बाहेर काढलं. कुणाला काही कळू दिलं नाही. मी मोजत होते. सोळा. सतरा. अठरा. मग कुणी आलं नाही. बाई शेवटच्या लेकराबरोबर अंगणात गेल्या. मॅडम कागद गोळा करू लागल्या. मला तोंड नाही, मित्रांनो. शंभर वर्षांत ते मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

उंबऱ्यावर जाहेदाखाला उभ्या होत्या. त्यांचीही बोटं हलत होती.

“एक कमी हाय,” त्या म्हणाल्या.

“खाला, थांबा, मी बघते,” मॅडम म्हणाल्या. खाला थांबल्या नाहीत. पोषण आहाराच्या पोत्यांमागं चाँद मिस्त्रींची नात आरजू झोपली होती. खालांनी तिला खांद्यावर टाकून आणलं. ती जागीसुद्धा झाली नाही. “बयेला निजायला हीच जागा घावली,” म्हणत त्या माझ्यातून बाहेर पडल्या.

एकोणीस.

त्यानंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी, नव्या खोलीचा स्लॅब खाली आला. आत कुणी नव्हतं. कुणाला खरचटलं नाही, म्हणून पेपरात आलं नाही. पडताना स्लॅबनं मला ओढलं, माझी डावी बाजू तडकली. जुनी भिंत उभी राहिली आणि तिच्याबरोबर मी. दुसऱ्या दिवशी चाँद मिस्त्री आले. हातात हत्यार नव्हतं. तडकलेल्या बाजूवरून त्यांनी हात फिरवला. “नऊ वर्सं तुलाच तासत आलो गं,” म्हणाले आणि गेले.

मॅडमच्या अहवालात ‘निरंक’ खोडून तिथं ‘आहे’ लिहिलंय आणि सोबत दोन पानं जोडलीत. पाडायच्या यादीतून जुन्या खोलीचं नाव निघालं. छपराच्या दुरुस्तीचा कागद गेला आहे, उत्तर यायचं आहे. अंगणवाडी सध्या मठाच्या ओवरीत भरते. अप्पा पाहुण्यांना घेऊन येतात, माझं कपाळ दाखवतात आणि सांगतात, “एकोणीसशे चोवीस. साल मी काढलं.” मला टेकू दिले आहेत. समोरच्या दाराला कुलूप आहे. मोजायला सध्या कुणी नाही.

फक्त जाहेदाखाला येत होत्या. काम नव्हतं, तरी रोज सकाळी कुलूप उघडून माझा उंबरा झाडून जायच्या. गेले आठ दिवस त्या आलेल्या नाहीत. पाऊस रोज आहे.

“माझ्या घराचं दार बी असंच घासतंय की.” त्या दिवशी हे कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं होतं. पण मी लेकरं मोजण्यात गुंतले होते, आणि त्याच बाईचं बोलणं मी दुसऱ्यांदा सोडून दिलं. त्यांचं घरकुलही त्याच काळ्या मातीवर आहे. त्याचाही पाया खणताना मी मागच्या खिडकीतून बघितला होता. गुडघाभरच होता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी या वाटेनं आलात तर माझ्यापाशी थांबू नका. माझी अक्षरं आणखी काही दिवस वाट बघतील. मागच्या गल्लीत जा. तिसरं घर, हिरवं दार. कडी वाजवा आणि खालांना हाक मारा. त्या आल्या तर आधी त्यांना बाहेर अंगणात बोलवा, मग दाराचे कोपरे बघा. कुठं घासतंय आणि कुठं बोट जातंय, ते बघा. आणि हाक मारूनही दार उघडलं नाही, तर ते अडकलं असेल. पायाच्या अंगठ्यानं फळी जरा वर उचला, मग ढकला.