चौकातल्या दगडी बाईचं पाणी

खारघरच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये सकाळपासून रांग लागलेली. हातात तांबे, कळश्या, प्लास्टिकच्या बाटल्या. मधल्या चौकात इटलीच्या धर्तीचं कारंजं: खांद्यावर घडा घेतलेली दगडी बाई. मोटर जळून कधीच काढून नेलेली. विश्वजित महाराजांनी बाईच्या पायावर चिमटा आपटला. "ये माते!" आणि घड्यातून पाणी सुटलं.

"आपली विहीर हाय ती," मालतीबाई मुलीला, सुचिताला म्हणाल्या. "बिल्डरनं बुजवली, तरी वर आली बघ."

पूर्वी इथे त्यांचं गाव होतं आणि गावची विहीर खरोखरच या चौकाखाली गाडलेली. महाराजांना एवढंच कळलं होतं, आणि एवढंच पुरे होतं. "मधुमेह, मूत्रपिंड, कोर्टकचेरी, सगळ्यावर रोज तांब्याभर!" मालतीबाईंनी डायलिसिस सोडलं.

सुचिताने वाचलं होतं: युरोपातल्या जुन्या गावांत कारंजं म्हणजे पाणवठा. बायका तिथे घागरी भरत, भांडत, लग्नं जुळवत. पाणी कोणत्या डोंगरावरून येतं ते पोराटोरांनाही ठाऊक असे. गावाची ऐट त्यातच. इथे बिल्डरने बाई आणली, डोंगर विसरला.

"आई, हे पाणी येतं कुठून?"

"देवाला पत्ता इचारतान काय गो?"

मग सुचितानेच शोधलं. तळघरात सांडपाणी गाळून साठवायची टाकी होती. तेच पाणी संडासांच्या फ्लशला जायचं. तिचा एक पाइप बागेत, बागेतून कारंज्याला. झुडपामागे बसून महाराजांचा चेला व्हॉल्व्ह फिरवायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने टाकीत कपड्यांची नीळ ओतली.

घड्यातून निळं पाणी पडलं. महाराज गडबडले, पण क्षणभरच. "यमुना! साक्षात यमुना!" लोकांनी लोटांगणं घातली.

"महाराज," सुचिता म्हणाली, "यमुना सगळ्यांच्या संडासातही आलीय. जा सगळे घरी, फ्लश दाबून बघा."

कुणीतरी हसलं. मग एकेक जण घरी गेला. एका खिडकीतून ओकारीचा आवाज आला. तोवर महाराजांची गाडी गेटबाहेर पडलेली.

मालतीबाईंनी भांड्यातलं निळं पाणी झुडपात ओतलं. "मना दवाखान्यान ने," त्या म्हणाल्या.

रिक्षातच धाप लागली. "फुप्फुसांत पाणी भरलंय," डॉक्टर म्हणाले. "गंगेचं असतं तरी हेच झालं असतं. किडनी बंद पडलेल्या माणसाने घोट मोजूनच प्यायचे असतात." मशीन लावेपर्यंत त्या गेल्या.

तेराव्याला आलेल्या बायका कुजबुजल्या, "बरी होत व्हती. शेवटी शंका घेतली ना, तिथंच चुकली."

सुचिताने त्यांना चहा दिला.

तुमच्या चौकात उद्या असं काही वाहू लागलं, तर पाइप कुठून येतो ते आधी बघा. आणि आजाऱ्याचे उपचार एक दिवसही थांबवू नका. शंकेने अजून कुणी मेलेलं नाही.