टाचेची बाहेरची कड

माझ्या बूट-चपला दुरुस्तीच्या दुकानात एक बाई वही घेऊन आल्या. निरनिराळ्या धंद्यांतल्या शब्दांचा कोश करत होत्या म्हणे. विचारलं, "'झीज' म्हणजे तुमच्या कामात नेमकं काय?"

"घ्या! झिजलेल्या टाचांवरच तर चाळीस वर्षं पोट भरतोय मी. बसा."

मी एकदा सुरू झालो की आवरत नाही, असं माझी ताई म्हणते. खरंच आहे ते. चवड्याकडचा तळ गेला तर माणूस कायम घाईत. टाचेची आतली कड गेली तर पाऊल सपाट. "माणूस दाखवूच नका, नुसती चप्पल दाखवा. कसा चालतो ते सांगतो!" बाई भराभरा लिहून घेत होत्या, त्यामुळे मला आणखीच चेव चढला.

"आणि एकाच पायाची बाहेरची कड गेली तर?" त्यांनी विचारलं.

"हे आमच्या ताईचं! थोरली बहीण माझी. कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असायची. उजव्या टाचेची बाहेरची कड दर दोन महिन्यांनी साफ. मी ओरडायचो, 'अगं, पाय फरफटवत चालू नकोस!' पण चामड्याची पाचर मारून टाच अशी भरून द्यायचो की ती वाकडी चालते हे कोणाला कळायचंही नाही. दोन वर्षं चाललं होतं हे."

सांगताना छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू?

मग मीच विचारलं, बाकीचे काय सांगतात? बाईंनी वहीची पानं उलटली. यंत्रवाले म्हणतात, तेल कमी पडलं की भाग झिजतो. शेतीवाले म्हणतात, पाण्याबरोबर वरची माती जाते ती जमिनीची झीज. "आणि डॉक्टर सांगतात, खुब्याच्या सांध्यातली गादी कमी होत जाणं. दुखण्याआधी चाल बिघडते. एका पायाची चप्पल जास्त झिजू लागते."

माझ्या हातातली आरी तशीच राहिली.

ताई तीन महिन्यांपूर्वी जिन्यात पडली, तेव्हापासून तिचं चालणं बंदच. खुबा पार गेलाय, आता ऑपरेशनही झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. "दोन वर्षं आधी यायला हवं होतं. घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी तिथंच उभा होतो. मीही मान डोलावली होती, हो ना, कसं आलं नाही म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुकान बंद करून तडक ताईकडे गेलो. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती.

"ताई, मला दिसत होतं गं. मी मेला नुसती टाच भरत बसलो."

तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा हसली. "वेडा आहेस का? तू टाच भरून दिलीस की महिनाभर दुखायचंच नाही. कापडाच्या दुकानातल्या बायका डॉक्टरकडे जा म्हणायच्या, तर मी सांगायचे, माझ्या भावाचा हात असा आहे, मला डॉक्टर कशाला हवा!"

अजूनही कौतुकच करत होती माझं.

मला तिच्याकडे बघवेना. खुर्चीखाली तिच्या चपला होत्या, पडायच्या आदल्याच दिवशी मी भरून दिलेल्या. सवयीनं एक उचलून उलटी केली. टाच जशी दिली होती तशीच होती.