कर्ण्यावरनं दिलेला गुंडा

मी कर्णा बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. जन्मभर दुसऱ्याचंच ओरडलो. लग्नातली गाणी, सिनेमाच्या जाहिराती, हरवलेल्या म्हशी. तेव्हा कुणी विचारलं नाही, तुझं काय म्हणणं. आता घशाला गंज चढल्यावर म्हणे फादरच्या आठवणी सांग. सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही.

तासगावच्या याकूबनं मला जुन्या बाजारातनं आणला. मशीन, बॅटरी आणि मी, बैलगाडीतनं गावोगाव भाड्यानं जायचो.

फादर बस्त्याव मूळचा वसईकडचा, सांगलीच्या चर्चमधला पाद्री. एकाहत्तर साली लढाईचं वारं सुटलं, तसा तो बाजाराच्या दिवशी मला घेऊन लढाई नको म्हणून सांगत फिरायला लागला. भाषण सपक. बोलायचा इतकं हळू की माझी मलाच लाज वाटायची. माणसं जमायची सिनेमाची जाहिरात समजून आणि उठायची शिव्या देऊन. घरटी एक माणूस फौजेत, त्यांना हे कसं रुचावं? पण शिपायाला तो कधी वाईट बोलला नाही. सुट्टीवर आलेल्या जवानाची ट्रंक एस्टीच्या टपावरनं स्वतः उतरवून घ्यायचा.

डिसेंबरात जवळच्याच एका वाडीत राहीबाईचा थोरला नाथाजी लढाईत गेल्याची तार आली. सुतक फिटायच्या आत ढाका पडल्याची बातमी आली, आणि लालासाहेबानं चावडीपुढं सभा घातली. हा उसाचा बागायतदार, वाडीचा पुढारी. साखर वाटली, फटाके उडवले. मग माझ्या तोंडातनं गरजला, की राहीबाई डगमगणारी बाई नव्हं, तिनं धाकटा गुंडाबी फौजेला दिला.

टाळ्या पडल्या. गुंडा मान खाली घालून बसलेला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याच्या आईला तर नाहीच. पण आमच्या मुलखाची एक खोड आहे. कर्ण्यावर बोललं की तो घराचा शब्द होतो. मोडला की घराण्याची नाचक्की. पोरगं मुकाट गेलं असतं.

फादर तेव्हा राहीबाईच्या दारात बसला होता. चूल बंद, शेजारणीनं आणलेली भाकरी तशीच पडलेली. तिनं तिथनंच ऐकलं आणि फादरला विचारलं, "माजा गुंडा मी कवा दिला?"

"दिला नसेल तर तसं सांगा, बाई. जिथून दिला गेला तिथूनच."

सुतकातली बाई चावडीवर जात नाही. ही पदर सावरून निघाली. फादर मागं.

लालासाहेबानं याकूबला मशीन बंद करायला सांगितलं आणि फादरला म्हणाला, "तुमी शत्रूचं पाद्री हायसा."

"असेन. पण आपण जिंकलो म्हणता, तर त्या घरात चूल का नाही पेटली?"

बॅटरी उतरली असं सांगून याकूबला सुटता आलं असतं. त्यानं उलट आवाज चढवला.

राहीबाई माईकपुढं उभी राहिली. "नाथाजी त्याच्या मर्जीनं गेला, मी आडवला न्हाई. ह्यो मी दिल्याला न्हाई. आन् तिकडच्या आयांनीबी आता कुणाला दिऊ नये."

टाळी वाजली नाही. दगड तेवढा आला. नेम फादरवर होता, बसला माझ्या तोंडावर. तेव्हापासनं मी घोगरा. फादरनं पोचा चाचपला आणि याकूबला विचारलं, "फार लागलं का रे याला?" माझी विचारपूस करणारा एवढाच एक भेटला.

गुंडा गेला नाही. त्यानं द्राक्षबाग लावली. फादर पुढं तीन वर्षं तसाच सपक बोलत फिरला, मग तापानं गेला. मयतीला गुंडानं खांदा दिला, आणि दोन पेन्शनर सुभेदारांनीही.

आता मी गुंडाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये खुंटीला आहे. एवढंच मागणं आहे, की कर्ण्यावरनं कुणाचं लेकरू देण्याआधी त्याच्या आईला विचारा. दगड मारणारा फादरच्या पाया पडून गेला, त्याचं माझं मिटलं. पण माझ्या तोंडातनं खोटं वदवून घेणारा अजून ताठ मानेनं फिरतोय. राहीबाईची मागायची तेव्हा मागेल, माझी तरी कुठं मागितलीय त्यानं माफी? नाव घ्यायला मी भीत नाही. लालासाहेब.