मुकी गाडी

अठ्ठावन्न साली मारेगावात माह्या पोरीचं लग्न झालं. व्याही मारोतराव यांनी नवरदेवासाठी एका राजेसाहेबाची रोल्स रॉईस मागून आणली. "साऱ्या जगात नाव हाये तिचं," ते सांगत, "इंजिन चालू हाये का बंद, कळतच नाही."

खरंच नाही कळलं. आम्ही मांडवात गप्पा करत राह्यलो अन् नवरदेव वेशीवर ताटकळला. ओवाळाले कोणी आलं नाही म्हणून व्याही रुसले.

"मुकी गाडी आणता अन् वरून रुसता?" म्हणत मी माह्या बैलायच्या घुंगरमाळा सोडल्या अन् गाडीच्या तोंडाले बांधल्या. पोरीच्या पाठवणीले सारं गाव रस्त्यावर आलं.

मंग राजेसाहेबाकडे माळा मागाले गेलो, तं ड्रायव्हर हसला. "विसरा आता, काका. राजेसाहेब माळेबिगर गाडीत बसतच नाहीत."