फाट्यावरची दोन हातांची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. मित्रांनो, हल्ली मला सरपणाच्या ढिगावर आडवे टाकले आहे, खालची लाकडे ओली होऊ नयेत म्हणून. पण हा काही माझा धंदा नव्हे. बसमधून उतरलेल्या माणसाने आज मुक्काम कुठे करावा हे ठरवायला मदत करणे, हे माझे काम होते.

आमच्या डोंगरात एक नावाजलेला धबधबा आहे. बस थांबते तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावा फाटा उतरत उतरत दरीच्या काठावरच्या घराकडे जातो. उजवा सपाटीने, डोंगराच्या सोंडेला वळसा घालून, झाडीतल्या घराकडे जातो. दोन्ही घरे एकाच माणसाची होती. त्यांना सगळे मालक म्हणत.

खालच्या घरात खाटेवर पडल्या पडल्या धबधबा समोर दिसे. पण पाण्याचा घोष रात्रभर थांबत नसे. खिडकीच्या काचा बारीक थरथरत आणि उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावरही वलये उठत. वरच्या घरात यातले काहीच नव्हते. मधली सोंड आवाज अडवते, आणि तीच सोंड नजरही अडवते. एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते. मालकांनी हे सरळ माझ्यावर लिहून घ्यायचे ठरवले.

जाड फळीतून माझे दोन हात कापले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि मुलांनाही वाचता यावे इतक्या खाली खांबावर ठोकले. तेलरंगाचा डबा घेऊन आलेला रंगारी मजकूर ऐकून थबकला. डाव्या हातावर लिहायचे होते, ‘धबधबा दिसतो. झोप लागत नाही.’ उजव्या हातावर, ‘झोप लागते. धबधबा दिसत नाही.’

“मालक, हौसेनं स्वतःची बदनामी रंगवून घेणारे तुम्ही पहिलेच भेटलात,” तो म्हणाला.

“सकाळी त्यांची तक्रार ऐकण्यापेक्षा संध्याकाळी त्यांनी पाटी वाचलेली बरी,” मालक म्हणाले. “रंग दाट ठेव.”

रंगाऱ्याने रंग दाट ठेवला. वाळल्यावर अक्षरे पाठीवरच्या वळांसारखी उठून आली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्यासमोर माणसे थांबायची, हसायची आणि मग भांडायची. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “खालीच जाऊ. तुमच्या घोरण्याची सवय आहे मला, धबधब्याचं काय घेऊन बसलात?” कडेवर किरकिरे बाळ असलेली आई एक शब्द न बोलता उजवीकडे वळायची. आणि कोणाची निवड चुकलीच, तर अंधार पडायच्या आत अदलाबदल करता येत असे. खालचा पाहुणा वर, वरचा खाली. मालक स्वतः हातगाडीवर सामान घालून माझ्यासमोरून जायचे. पाहुणे ओशाळले की म्हणायचे, “मन बदललं ना? बदलू द्या. त्याचं भाडं घेत नाही मी.” लोक माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढत. मला वाटायचे, माझा जन्म सार्थकी लागला.

मग मालक गेले. वरचे घर थोरल्या मुलीकडे आले आणि खालचे धाकट्या मुलाकडे. काही काळ हातगाडी चालू राहिली. नंतर एका दुपारी धाकटा पांढरा रंग घेऊन आला आणि त्याने ‘झोप लागत नाही’ यावर हात फिरवला. जुना रंग खरवडायचे कष्टही घेतले नाहीत. संध्याकाळी थोरली तिथे येऊन उभी राहिली.

“बाबांचे शब्द पुसलेस?”

“पुसले कुठे? झाकलेत. आहेत की खाली.”

“म्हणजे तुझ्याकडे सगळं छान, आणि माझ्याकडे काय ते दिसत नाही?”

“नाहीच दिसत तुझ्याकडून. त्याला मी काय करू, ताई?”

दुसऱ्या दिवशी थोरली रंग घेऊन आली. तिने ‘धबधबा दिसत नाही’ झाकले आणि वर लिहिले, ‘धबधबा दिसतो’. तिच्या गच्चीच्या कोपऱ्यात स्टुलावर उभे राहिले तर झाडांच्या शेंड्यांवर तुषारांचा धूसर पट्टा दिसायचा. “तुषार म्हणजे धबधबाच की,” असे ती बसच्या चालकाला सांगत होती. ते पाहून धाकट्याने आपल्या हातावर ‘झोप लागते’ लिहिले. त्यानंतर दोघांचे बोलणे बंद झाले आणि हातगाडी गंजून गेली. माझ्या दोन्ही हातांवर आता एकच मजकूर होता. मित्रांनो, दोन्ही दिशांना तेच सांगणारी पाटी आणि कोरी फळी यांत काय फरक उरतो?

एका संध्याकाळी बसमधून एक म्हातारे घड्याळजी आणि त्यांची बायको उतरली. बाईंची नजर कडांकडून मिटत चालली होती. नळीतून पाहावे तेवढेच त्यांना दिसे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया व्हायची होती, आणि पट्टी सुटल्यावर किती दिसेल याची खात्री डॉक्टरही देत नव्हते. लग्न झाल्यापासून राहून गेलेला हा धबधबा त्यांना त्याआधी पाहायचा होता. धबधब्याकडे उतरणाऱ्या ओल्या पायऱ्या त्यांच्याने होण्यासारख्या नव्हत्या. त्यांना खिडकीच हवी होती. हे सगळे मला त्यांच्या बोलण्यातून कळले.

घड्याळजींनी माझे दोन्ही हात नीट वाचले. “दोन्हीकडे दिसतो म्हणतात. झोपही दोन्हीकडे आहे.”

“मग उताराला कशाला जायचं? सपाटीचा रस्ता घ्या. तुमचे गुडघे काय रोज नवे येतात?”

ती दोघे एकमेकांचा हात धरून उजवीकडे गेली. हाक मारायला मला तोंड नव्हते.

सकाळी परतली तेव्हा थोरली त्यांची पिशवी घेऊन बरोबर आली होती. बाईंनी आधारासाठी माझ्या उजव्या हातावर हात ठेवला आणि त्यांची बोटे थांबली. नजर जाणार हे कळल्यापासून त्या बोटांनी वाचायला शिकत होत्या. वरचा रंग पातळ होता. खालची दाट अक्षरे अजून तशीच उठलेली होती.

“इथं खाली दुसरंच काही लिहिलंय,” त्या म्हणाल्या आणि सावकाश एकेक अक्षर चाचपत गेल्या. “धबधबा. दिसत. नाही.”

थोरलीने पिशवी खाली ठेवली. “पुढच्या खेपेला याल तेव्हा गच्चीजवळची खोली देईन, काकू.”

“पुढच्या खेपेला कुठलीही चालेल मला.”

तेवढ्यात बसमधून येणाऱ्या पाहुण्यांसाठी धाकटा वर आला. घड्याळजींनी त्याला विचारले, “काल तुमच्याकडे गर्दी होती म्हणे?”

“कोण म्हणालं? दोन खोल्या रिकाम्या होत्या. समोरच्याच.”

घड्याळजी थोरलीकडे वळले. “मी अदलाबदलीचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, खाली जागा नाही.”

“आमचं बोलणं नाही,” थोरली म्हणाली. “मी फोन कसा करणार होते?”

“तू केला असतास तरी मी उचलला नसता,” धाकटा म्हणाला. कित्येक वर्षांत ती दोघे एकमेकांशी बोललेली एवढीच वाक्ये.

बस येऊन उभी राहिली. पुढची दुपारनंतर होती, आणि दुपारी डॉक्टर वाट पाहणार होते. घड्याळजींनी बायकोला हात देऊन वर चढवले. खिडकीशी बसल्यावर त्या म्हणाल्या, “झोप मात्र छान लागली हो.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते.

बस गेल्यावर थोरली वर गेली आणि धाकटा खाली. एकाने मागे वळून पाहिले असते, तर मी ही गोष्ट वेगळी सांगितली असती. पुढच्याच आठवड्यात माझ्या जागी चकचकीत पत्र्याची पाटी आली. तिच्याही दोन्ही हातांवर तेच छापले आहे, आणि पत्रा बोटांना गुळगुळीत लागतो. मला धाकट्याने खाली आणून सरपणावर टाकले.

इथे चोवीस तास तुषार उडतात. गुळगुळीत तेलरंगावर न घासता चढवलेला रंग अशा ओलाव्यात टिकत नाही. त्याचे पापुद्रे सुटत चालले आहेत आणि मालकांची अक्षरे एकेक करून वर येत आहेत. वाचायला मात्र या बाजूला कोणी फिरकत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातात रंगाचा डबा आला, तर जे आपल्याकडे नाही तेही तितक्याच दाट रंगात लिहा. कोणीतरी त्या एका ओळीवर आपली शेवटची संध्याकाळ सोपवणार असते. मला त्या बाईंची बोटे अजून अंगावर जाणवतात. त्यांना जी जागा हवी होती, ती आता मला मिळाली आहे. इथून धबधबा दिसतो. झोप लागत नाही.