आधी कोण बोलतो

माथुरजींनी दुसऱ्या मॉनिटरवरचं फडकं ओढलं, बटण दाबलं, आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन्ही पडदे उजळले. गुलाबराव नकळत एक पाऊल मागे सरकले.

"देख लीजिए. एक हरा, एक अंबर, मतलब पीला. दाम एक ही है," माथुरजी म्हणाले.

राजा पार्कातल्या या दुकानात चौघं जण सकाळपासून बसले होते. जयपूरच्या मराठी मंडळाला मुलांच्या वर्गासाठी कॉम्प्युटर हवा होता. तयार मशीन आवाक्याबाहेरचं, म्हणून एकेक भाग निवडून जोडून घ्यायचं असा ठराव झाला होता. ठरावाला हात सगळ्यांनी वर केले. रविवार घालवायला चौघंच आले, ते मंडळाच्या रीतीला धरूनच होतं. वर्ग घेणाऱ्या प्रतिमाबाई शाळेत शिक्षिका. त्यांनी हार्ड डिस्कचा मोह सोडून दोन फ्लॉपी ड्राइव्हवर समाधान मानलं होतं आणि आता त्या कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघत होत्या. विमा कंपनीतले रंगनाथ प्रत्येक भागावर एक विनोद करत होते. गुलाबराव रेल्वेत ड्रायव्हर, आणि बळवंत त्यांच्याच इंजिनावरचा असिस्टंट. प्रिंटरचा आवाज कसा येतो ते बघायला तो दुकानाच्या पार आतल्या टोकाला गेला होता.

"हे ड्रायव्हरसाहेबांनी सांगायचं," रंगनाथ म्हणाले. "रंग ओळखायचाच पगार घेतात ते."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. गुलाबरावांना दोन्ही काचांवर एकसारखी, वाळल्या गवतासारखी अक्षरं दिसत होती. त्यांनी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे तेवढाच वेळ मिळाला.

गेल्या वर्षी छातीच्या क्षयासाठी सहा महिने गोळ्या घेतल्या, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. आधी बायकोने, कलावतीने, पोलक्यासाठी हिरवं रीळ मागवलं आणि त्यांनी भलतंच आणलं. ती हसली, तेही हसले. मग एका संध्याकाळी फुलेऱ्याच्या अलीकडे सिग्नलचा दिवा दिसला, पण त्याचा रंग दिसला नाही. दिवसा निभायचं, सिग्नलचा हात आडवा आहे की कललेला, ते कळायचं. अंधार पडला की हात दिसत नाही, नुसता दिवा राहतो. अकरा दिवसांनी रेल्वेच्या दवाखान्यात डोळ्यांची तपासणी होती. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्यांनी क्रमाने पाठ केले होते, पण तिथे दिवेही दाखवतात, आणि दिवे पाठ करता येत नाहीत. हे कुणाला सांगायचं तर इंजिनावरून उतरावं लागणार. बावीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस एखाद्या टेबलामागे बसवतील, आणि लोक विचारतील, का हो, काय झालं? न सांगायचं तर मागे आठ डबे माणसांनी भरलेले.

आजही साडेपाचची फुलेऱ्याची पॅसेंजर त्यांच्याकडेच होती. डिसेंबर चालू होता, गाडी सुटेपर्यंत दिवेलागण होणार.

इंजिनावर एक नियम असतो. सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने बोलायचा आणि दुसऱ्याने स्वतः बघून, खात्री करून, तोच पुन्हा बोलायचा. कितीतरी महिने झाले, गुलाबराव नेहमी मागून, बळवंतचं ऐकूनच बोलत होते.

"बळवंत," त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "तुला कुठला बरा वाटतो?"

"हिरवा, भाऊ," बळवंत तिथूनच म्हणाला.

"हिरवा," गुलाबराव म्हणाले आणि डावीकडच्या मॉनिटरवर हात ठेवला.

प्रतिमाबाईंची बोटं कळांवर थांबली. "अहो, तो पिवळा आहे."

रंगनाथ खो खो हसले. आजच्या गाडीत बसणाऱ्यांनी घरी निरोप ठेवून निघावं म्हणाले. गुलाबरावही हसले, तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो असं काहीतरी बोलले, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर व्हरांड्यात आले. कोपऱ्यात माठ होता. त्यांनी पेला भरला, पण तोंडाला लावताना निम्मं पाणी स्वेटरवर सांडलं.

बळवंत मागोमाग आला. त्याने पेला त्यांच्या हातातून घेतला, पुन्हा भरला आणि दिला.

"भाऊ, पावसाळ्यापासून मी आधी बोलतोय," तो म्हणाला. "मुद्दाम. तुम्ही थांबता ते कळतं मला."

गुलाबराव पाणी प्यायले नाहीत. ज्या गोष्टीला ते इतके दिवस पायाखाली दाबून उभे होते, ती समोरच्याला केव्हाचीच माहीत होती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हायसं वाटलं. एकदम मनात आलं की मग काय, असंच चालू राहू दे. बळवंतचे डोळे तर शाबूत आहेत.

"कुणाला बोललास?"

"नाही." बळवंत रस्त्याकडे बघत राहिला. "पण माझी ऑर्डर आलीय. शंटर म्हणून, यार्डातलं इंजिन चालवायला, बांदीकुईला. एक तारखेपासून. चार दिवस झाले, तुम्हाला सांगायची छाती होत नव्हती."

गुलाबरावांनी विचारलं, जागेवर कोण येतंय. कुणीतरी नवा, बळवंत म्हणाला, ट्रेनिंग संपवून सरळ इकडेच.

"मी पण नवा होतो तेव्हा आठवतं?" तो थांबून म्हणाला. "दोन वर्षं मी सिग्नलकडे बघतच नव्हतो. भीतीने तुमच्या तोंडाकडे बघायचो. तुम्ही बोललात की बोलायचो."

गुलाबरावांना इंजिनात दोन माणसं दिसली, एक दुसऱ्याचं ऐकून बोलणारा आणि दुसरा पहिल्याचं, आणि समोरच्या काचेतून कुणीच बघत नाही. त्यांनी पेल्यातलं पाणी ओतून टाकलं, पेला माठावर उपडा ठेवला आणि ते आत गेले.

दुकानात सगळं तसंच होतं. माथुरजी पेन उघडून बसले होते. यादीतली मॉनिटरची ओळ तेवढी रिकामी होती. प्रतिमाबाईंनी प्रेमाने सांगितलं की डाव्या हाताचा पिवळा, उजव्या हाताचा हिरवा, आता निवांत बघून सांगा. गुलाबराव टेबलापुढे उभे राहिले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. बळवंत त्यांच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास ऐकू येत होता, पण या वेळी तो आधी बोलला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते.

"मला विचारू नका," गुलाबराव म्हणाले. "मला दोन्ही सारखे दिसतात."

रंगनाथांचे गाल हसण्यासाठी फुगले होते. तेवढ्यात मागून बळवंतचा आवाज आला. तो इंजिनावर बोलायचा तसाच होता, मोठा आणि स्वच्छ.

"दोन्ही सारखे दिसतात."

प्रतिमाबाईंनी कीबोर्डवरून हात काढून पदरात घेतले. रंगनाथ एकदा पडद्यांकडे आणि एकदा गुलाबरावांकडे बघत राहिले.

"आपका फोन लगेगा, माथुरजी?" गुलाबरावांनी विचारलं. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "लोको शेडला लावायचा आहे. साडेपाचच्या गाडीला त्यांना दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

माथुरजींनी दोन्ही मॉनिटर थोडे बाजूला सरकवले आणि फोन पुढे केला.